माळावरची हाडं

मुंबई, २० जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप रत्नाअक्कास जयसिंगाचा साष्टांग नमस्कार.

तुझा तीळगूळ पोचला. निम्मा खोलीतल्या पोरांनी खाल्ला, निम्मा मुंग्यांनी. मला पुडीचा कागद चाटायला मिळाला, तोही गोड होता.

कॉलेजात आता हाडांचा विषय सुरू झालाय. मोठ्या दालनात बैलाचा अख्खा सांगाडा तारांनी जोडून उभा केलाय. पोरं त्याला मामलेदार म्हणतात, कारण तो कुणाचं ऐकत नाही आणि जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी मी बघतच राहिलो. भूगावात एवढी वर्षं बैलांच्या मागे चाललो, पण कातड्याच्या आत काय उभं आहे हे कधी मनातसुद्धा आलं नाही. आणि अक्का, वशिंडात हाडच नसतं! मला वाटलं, मामलेदाराचं वशिंड कुणीतरी लांबवलं. सर हसून बेजार झाले.

आता एक काम सांगतो, चिडू नकोस. अभ्यासाला ज्यानं त्यानं हाडं आणायची असतात. शहरातली पोरं खाटकाकडून आणतात. मी म्हटलं, आमच्या अक्काच्या माळावर खंडीभर पडली असतील. पुढच्या पायाची, मागच्या पायाची, एक जबडा आणि मिळतील तेवढे मणके एवढं जमव. पांढरी, वाळलेली बघून घे. राखेनं घास आणि पोतं पौडला एसटीवाल्या जोतिबाकडे दे.

पवळी कशी आहे? तिला माझा रामराम सांग.

तुझा,
जयसिंग

*

माले, ९ फेब्रुवारी १९५८

चिरंजीव जयसिंगास रत्नाचे अनेक आशीर्वाद.

भाऊ बहिणीकडं पुरणपोळी मागतो, धपाटी मागतो. हाडं मागणारा तूच पहिला. आई असती तर तिनं तुला त्या मामलेदाराशेजारी उभं केलं असतं.

तरी जमवली. वेशीपलीकडच्या मंडळींनी धर्म बदलला तेव्हापासून मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. सोडलं ते चांगलंच केलं, जन्मभर त्यांनीच का ओढायचं? पण गावाला त्याची सवय नाही. आता ज्याचं ढोर मरतं तो बैल जुंपून ते माळापर्यंत फरफटत नेतो, तिथंच टाकतो आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करतो. सोलणं नाही की पुरणं नाही. मामंजींच्या काळातच धरणाच्या तलावानं चांगली शिवारं गिळली, तेव्हापासून गुरांना चरायला तोच एक माळ उरलाय. आता तिथं गवताबरोबर हाडं.

ओढ्यावर घासत बसले होते तर शेजारच्या रंभाबाई घागर घेऊन आल्या. म्हणाल्या, "रत्ने, ह्ये काय मांडलंयस गं?" मी म्हटलं, "भावाच्या साळंला पायजेत." "हाडाची साळा? असली कसली गं साळा?" मी हसून सांगितलं, ढोरांचा डाक्टर व्हायचं तर आधी ढोर आतनं बघावं लागतं. त्या काही हसल्या नाहीत. वरच्या अंगाला जाऊन त्यांनी घागर भरली.

एक गोष्ट तुला विचारायची आहे. बऱ्याच हाडांची टोकं झिजलेली दिसली. मला वाटलं, कुत्र्यांनी कुरतडली. पण परवा आपली पवळीच तोंडात नळीचं हाड धरून उभी होती, डोळे मिटून, रवंथ करावा तशी. काढून घेतलं तर माझ्या अंगावर आली. गाय कधी हाड खाते का रे? आणि गेल्या पंधरवड्यात भाऊजींचा एक बैल गेला. आधी मागचे पाय लुळे पडले, मग जीभ बाहेर आली, पाणी गिळता येईना. डोळे मात्र शेवटपर्यंत टकटकीत. गावात अशी आणखी तीन गेली.

पवळी जेठात विणार. तुझे दाजी गेल्यापासून या घरात माझं असं तिच्याशिवाय काही नाही. घर भाऊजींचं, शेत भाऊजींचं. दूध सुरू झालं तर मला चुलीपाशी बसायला जागा आहे. तिला काही झालं तर मी या घरात दोन भाकरींची मोलकरीण, आणि भूगावच्या काकांचं दार तर आपल्याला कधीच बंद झालंय. तेव्हा तुझ्या सरांना विचारून लवकर कळव.

तुझी अक्का,
रत्ना

*

मुंबई, १८ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

हाडं पोचली. इतकी स्वच्छ हाडं आमच्या वर्गात कुणाकडेच नाहीत. शहरातली पोरं माझ्या खाटेभोवती जमा होतात.

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीला डोळे आहेत." आता नीट ऐक. हाड म्हणजे दगड नव्हे, अक्का. ते आतून जिवंत असतं. कणगीसारखं समज. खाण्यातून येतं ते त्यात साठतं आणि गरज पडली की जनावर त्यातूनच काढून घेतं. तुमच्याकडचा पाऊस मातीतला कस धुऊन नेतो, म्हणून गवत दिसायला हिरवं पण आत पोकळ. गाभण गाय वासराची हाडं स्वतःच्या हाडांतून घडवते. मग तिची कणगी रिकामी होते आणि ती माळावरचं हाड चघळते. तिला वेड लागलेलं नाही, तिला नेमकं कळतंय काय कमी आहे ते. पण मेलेल्या ढोराच्या हाडाला कुजकं मांस चिकटलेलं असतं, त्यात विष तयार होतं. ते पोटात गेलं की जनावर लुळं पडतं. एकदा आडवं झालं की उठत नाही, त्याला औषध नाही.

तेव्हा दोन कामं. एक, माळावरची सगळी हाडं गोळा करून खोल पुरायची. गावाला हे सांग. दोन, कारखान्यात वाफवून केलेलं हाडांचं पीठ मिळतं, त्यात विष नसतं. त्याचं पोतं मी जोतिबाकडे दिलंय. पवळीला रोज मूठभर, कोंड्यात कालवून घाल.

फक्त ते कशाचं आहे हे कुणाला सांगू नकोस. गाईला हाडं चारतात म्हटल्यावर तुमचं गाव काय करील ते मला माहीत आहे. विचारलं तर मीठ आहे म्हण. पोत्यावर छाप आहे, पोतं उलटं करून घे.

तुझा,
जयसिंग

*

माले, २० मार्च १९५८

चिरंजीव जयसिंगास अनेक आशीर्वाद.

होळी झाली. पोतं पोचलं, उलटं करून गोठ्यातल्या कोपऱ्यात गवताखाली ठेवलं. गाईच्या तोंडात गाईचं हाड घालतेय असं मनात येई. मग म्हटलं, खायचं तिनं ठरवलंय, मी कोण? आता पवळीच्या अंगावर तुकतुकी आली आहे. माळाकडं ओढ घेत नाही. संध्याकाळ झाली की कोपऱ्याकडं तोंड करून हंबरते.

हाडं पुरायचं मात्र जमलं नाही. देवळासमोर माणसं बसली होती, भाऊजी होते, कुशाबा देवऋषी होता. मी पदर घेऊन कडेला उभी राहिले आणि जे तू लिहिलंस ते सांगितलं. कुशाबा म्हणाला, "बाईमानसानं हाडाच्या गोष्टी कराव्या व्हय? आन् पुरायची कुनी? ज्याला हात लावायचा त्यानं लावावा." सगळे हसले. भाऊजी घरी येऊन म्हणाले, "वैनी, पुन्यांदा देवळाम्होरं तोंड उघडू नगा. मला मान खाली घालाया लागती."

मग मीच एकटी कुदळ घेऊन गेले. पाच-सहा दिवस पहाटे जाऊन एक खड्डा केला, त्यात मावतील तेवढी टाकली. माळ केवढा, मी केवढी. गवऱ्या वेचायला आलेल्या बायांनी लांबून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ओढ्यावर मी गेले की धुणं अर्धं टाकून बाया उठतात.

गावातली आणखी सहा ढोरं गेली. आणि आमची पवळी धडधाकट. परवा रंभाबाई गोठ्याच्या दारातून म्हणाल्या, "समद्यांची मरत्यात, आन् हिचीच कशी गं बाळसं धरती?" हसत म्हणाल्या. जयसिंगा, मला भीती वाटते. त्यांचा पांढरा बैल आता हाडं चघळतो. मी रोज बघते. माझ्या कोपऱ्यात औषध आहे आणि शेजारचा बैल मरणार आहे, हे मला सहन होत नाही. खरं काय ते सांगून टाकू का? तू सांगशील तसं करते.

तुझी अक्का

*

मुंबई, २८ मार्च १९५८

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

खरं सांगायचा विचारही करू नकोस. आज त्या कुजबुजतात, उद्या पवळीला बाटवली म्हणून गावाबाहेर काढतील आणि तुला वाळीत टाकतील. गावाची जीभ अशीच, चार दिवस वळवळते आणि थकते. त्यांना दुसरा विषय मिळाला की तुला विसरतील.

रंभाबाईंच्या बैलाचं मला वाईट वाटतं. पण लक्षात ठेव, त्यानं विषारी हाड आधीच खाल्लं असेल तर पिठाचा काही उपयोग नाही. तू भानगडीत पडू नकोस.

माझी परीक्षा ७ एप्रिलला सुरू होते आणि १४ला संपते. मग सुट्टीत येतो आणि देवळासमोर मीच बोलतो. कॉलेजातल्या माणसाचं ऐकतील. तोवर गप्प राहा.

तुझा,
जयसिंग

*

माले, ६ एप्रिल

चिरंजीव जयसिंगास,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिहिते आहे. थोडक्यात लिहिते.

मला राहवलं नाही. तू नको म्हणाला होतास तरी तीन संध्याकाळी रंभाबाईंच्या बैलाच्या कोंड्यात मूठ मूठ पीठ टाकलं. चौथ्या दिवशी बैल खाली बसला. तो आधीच खाऊन बसला होता, तू म्हणालास तसंच. पण रंभाबाईंनी तिसऱ्या दिवशी माझा हात आपल्या गव्हाणीत बघितला होता.

गाव गोठ्यात घुसलं. पोतं सापडलं. उलटं करून ठेवलेलं पोतं सुलटं केलं आणि भाऊजींनी शाळेच्या मास्तरांकडून छाप वाचून घेतला. कुशाबानं चिमूट नाकाला लावली आणि म्हणाला, "मड्याच्या हाडाचं पीठ. हिनंच माळावली हाडं गोळा केली, हिनंच पुरली, हिनंच चारली." मी म्हटलं, माझ्या भावानं पाठवलंय, औषध आहे. रंभाबाई म्हणाल्या, "औशिद व्हतं तर लपीवलं कशाला?"

कुणी काय मारलं ते लिहीत नाही. उजवा हात मोडला आहे, कोपर आणि मनगटाच्या मध्ये. त्या हाडाचं नाव तुला येत असेल.

भाऊजींनी मला गोठ्यात ठेवलं आहे. म्हणतात, बाहेर आलीस तर मी जबाबदार नाही. दाराला बाहेरून कडी असते. पवळी जवळ आहे. हे पत्र वरच्या वाडीची तुकाबाई शेणाच्या पाटीखाली लपवून नेते आहे.

मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. आता मागते. परीक्षा राहू दे. मला घेऊन जा. कुठंही ठेव, पण घेऊन जा.

रत्ना

*

मुंबई, ११ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र आत्ता हातात पडलं. माझा जीव थाऱ्यावर नाही. पण अक्का, लेखी परीक्षा संपली, आता फक्त सोमवारी १४ला हाडांची तोंडी राहिली. ती बुडाली तर वर्ष बुडालं आणि फी माफी गेली, मग तुला आणून ठेवीन कुठे? तीन दिवस कळ काढ. सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतो, मंगळवारी दुपारपर्यंत तुझ्या दारात उभा असेन. तुझ्या भाऊजींना, कोंडिबा पाव्हण्यांना, वेगळं पत्र टाकलंय. ते समंजस आहेत, त्यांच्या घरात तुला काही होणार नाही.

हाताला बांबूच्या दोन कामट्या लावून कापडानं घट्ट बांध आणि गळ्यात अडकव. माणसाच्या तेवढ्या भागात दोन हाडं असतात. बैलाची जोडलेली असतात, माणसाची वेगळी. म्हणून एक मोडलं तर दुसरं त्याला आधार देतं. सहा आठवड्यांत हाड आपलं आपण जुळतं. ते जिवंत असतं म्हणालो होतो ना.

घाबरू नकोस. मी येतोच आहे.

तुझा,
जयसिंग

*

माले, २२ जून १९५८

रा. रा. जयसिंगराव यांस कोंडिबाचा रामराम, विनंती विशेष.

पत्र शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेत आहे. तुम्ही आलात त्या दिवशी बोलणे धड झाले नाही. तुम्ही माझ्या अंगावर धावून आलात, ते मी मनावर घेतलेले नाही. तुमचे रक्ताचे माणूस गेले होते.

तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर तेव्हा दिले नाही, आता देतो. तुम्ही येण्याआधीच्या रविवारी मी निजण्याआधी गोठ्याची कडी लावली होती. सकाळी कडी काढलेली होती. ती आतून काढता येत नाही. कुणी काढली ते मी विचारले नाही. मला याच गावात राहायचे आहे. वहिनी तलावाच्या आटलेल्या भागात, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाच्या जोत्यापाशी सापडल्या, तिथे गुडघाभर पाणी होते. पोलिसांनी पाय घसरून पडल्या असे लिहून नेले.

पुढे कुशाबाने सांगितले की तिच्या करणीची हाडे माळावर राहिली तर ती परत येईल. म्हणून सगळा गाव माळावर उतरला, घरटी एक माणूस. मीही गेलो. एकेक हाड वेचले, पुरुषभर खोल चर खणून पुरले, वर दगड टाकले. आता ढोर मेले की त्याच दिवशी पुरतो. आणि सांगायचे म्हणजे त्या दिवसापासून गावातले एकही जनावर लुळे पडलेले नाही. तेव्हा काय खरे, काय खोटे, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच समजा.

पवळी व्याली, कालवड झाली. पण दोघींत जीव नाही. कालवडीचे पाय वाकडे आहेत. पवळी दिवसभर भिंत चाटते, दगड तोंडात धरते, उभी राहताना कण्हते. ते पोते आम्ही तलावात टाकले. तुम्ही ढोरांचे डॉक्टर होणार म्हणून विचारतो, काही उपाय असल्यास कळवावा. वहिनींची तेवढीच आठवण राहिली आहे.

आपला,
कोंडिबा

*

मुंबई, २ जुलै १९५८

रा. रा. कोंडिबा पाव्हणे यांस रामराम.

तुमचं पत्र पोचलं. मला तुमचा राग येतो आणि त्याहून जास्त माझा येतो. ज्या सोमवारी ती तुम्हाला सापडली, त्या सकाळी परीक्षकांनी माझ्या हातात बैलाच्या पुढच्या पायाचं हाड दिलं आणि विचारलं, माणसाच्या आणि याच्या हाडात फरक काय? मी सगळं बरोबर सांगितलं. मी पहिल्या वर्गात पास झालो आहे.

माळावर तुम्ही जे केलंत, तेच अक्कानं मार्चमध्ये देवळासमोर सांगितलं होतं. तुम्ही तिथे होतात. हाडं पुरली म्हणून ढोरं वाचली. ती मेली म्हणून नव्हे. हे पत्र मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील, त्यांनी ते गावालाही दाखवावं. गाव मानणार नाही, हे मला माहीत आहे. मानू नका. पण पुरायचं थांबवू नका. करणीच्या भीतीनं पुरा, कुशाबाच्या शब्दावर पुरा, कसंही पुरा. थांबलात तर पावसानंतर ढोरं पुन्हा पडतील आणि तुम्ही पुन्हा एखादी बाई शोधाल.

अक्कानं घासून पाठवलेली हाडं माझ्या खाटेखाली आहेत. पुढच्या वर्षीची पोरं मागायला येतात. मी देत नाही.

पवळीवर उपाय आहे. जोतिबाकडे पोतं दिलं आहे, तेच पीठ. रोज एक मूठ गाईला, चिमूटभर कालवडीला. छाप वरच्या अंगाला ठेवला आहे. पवळीला देवळासमोर आणा, माणसं बसलेली असतील तेव्हा, आणि रंभाबाईंना हाक मारून सगळ्यांच्या देखत घाला. तेवढी छाती नसेल तर पोतं परत पाठवा. पण लपवून घालू नका, पाव्हणे. लपवून घालणाऱ्याचं तुमच्या गावात काय होतं, ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

जयसिंग